लाळेचं कोडं

2020 साली नेदरलँड्समधले डॉक्टर प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांचे स्कॅन तपासत होते. त्यांना नाकामागे, घशाच्या वरच्या टोकाला, दोन्ही बाजूंना सुमारे चार सेंटिमीटर लांबीचे उजळ पट्टे दिसले. एक-दोघांच्या नव्हे, तपासलेल्या शंभरही जणांच्या स्कॅनमध्ये! त्या लाळग्रंथी निघाल्या. हा स्वतंत्र अवयव मानायचा की बारीक ग्रंथींचा पुंजका, यावर शरीरशास्त्रज्ञ अजून भांडतात, भांडू देत. ज्यांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी किरणांचा शेक घेतला होता, त्यांच्या जुन्या नोंदी पाहता या जागी जितके जास्त किरण, तितकी तोंडाला कोरड आणि गिळण्याचा त्रास जास्त, असं दिसलं.

लाळेचं वागणं तर त्याहून चक्रावणारं. किरण भराभर विभागणाऱ्या पेशींना आधी गाठतात. म्हणून सहा-सात आठवड्यांच्या उपचारात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येतं, चव जाते. तोंडाच्या अस्तरात नव्या पेशी सतत तयार होतात, त्यामुळे ते पुढे भरून येतं. चवही बहुतेकांना काही महिन्यांत बरीचशी परत मिळते. लाळ बनवणाऱ्या पेशी मात्र क्वचितच विभागतात. हिशेबाने त्या चिवट निघायला हव्यात. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात लाळ निम्म्यावर येऊ शकते! पेशी अजून जिवंत असतात, पण पाणी सोडण्याचा निरोप त्यांच्यात नीट पोहोचत नाही, असं एक स्पष्टीकरण आहे. पुढे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशीही मरतात आणि कोरड मुक्कामाला राहते.

मग भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. लाळेतलं कॅल्शियम मिळेनासं झालं की दात हिरडीलगत किडतात. किरण लागलेलं जबड्याचं हाड नीट भरून येत नाही, म्हणून खराब दात शेक सुरू होण्यापूर्वीच काढतात. दंतवैद्याची ती भेट टाळू नये.

कानाजवळच्या ग्रंथी वाचवत किरण देण्याचं तंत्र ब्रिटनमधल्या एका चाचणीत जुन्या पद्धतीशी ताडून पाहिलं गेलं. वर्षभरानंतर त्रासदायक कोरड जुन्या पद्धतीत 74 टक्क्यांना होती, नव्या पद्धतीत 38 टक्क्यांना. पण या ग्रंथी कामाला लागतात त्या मुख्यतः जेवताना. एरवी तोंड ओलं ठेवतात त्या जबड्याखालच्या, आणि ज्यांना अनेकदा किरण द्यावेच लागतात अशा मानेतल्या गाठींना त्या इतक्या खेटून असतात की त्यांना वाचवणं फार अवघड जातं.