बीड : नावाची व्युत्पत्ती
महाराष्ट्र राज्यातील बीड जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाचे नाव. हे शहर बालाघाट डोंगररांगेच्या पायथ्याशी, बिंदुसरा नदीकाठी वसलेले आहे. त्याच्या नावाच्या उत्पत्तीविषयी एकमत नाही.

परंपरेनुसार पांडवकाळी यास दुर्गावती, त्यानंतर बलनी व पुढे विक्रमादित्याची बहीण चंपावती हिच्यावरून चंपावतीनगर म्हणत. नगराच्या प्राचीनतेविषयीची लोकश्रद्धा या आख्यायिकांतून दिसते. तथापि यांपैकी एकाही नावापासून ‘बीड’ हे रूप ध्वनिपरिवर्तनाने सिद्ध होत नाही.

डोंगरपायथ्याच्या खोलगट भागात गाव वसल्याने संस्कृत ‘बिल’ (विवर) या शब्दावरून नाव पडले, असे दुसरे मत आहे. परंतु ‘बिल’ याचे मराठीतील रूप ‘बीळ’ असे असून त्यामुळे ‘बीड’मधील डकाराचा उलगडा होत नाही.

तिसऱ्या मतानुसार मुहम्मद तुघलकाने (कार. १३२५–५१) येथे विहीर खोदविली व अरबी ‘बिअ्र’ (विहीर) या शब्दावरून गावाचे नामकरण केले. सुलतानाचा पडलेला दात येथे पुरून त्यावर वास्तू उभारल्याचे फिरिश्ता या इतिहासकाराने नमूद केले आहे. त्यावरून सुलतानाचा येथील मुक्काम सूचित होतो, नामकरण नव्हे. येथील प्रसिद्ध खजाना विहीर तर सोळाव्या शतकातील, निजामशाही अमदानीतील आहे.

या मताचे मूळ लिपीत असावे. फार्सी लिपीत डकारासाठी स्वतंत्र अक्षर नसल्याने ‘बीड’ हे नाव ‘बीर’ असे लिहिले जाई व ते विहीरवाचक शब्दाप्रमाणे वाचता येई. इंग्रजी लेखनातही ‘बीर’, ‘भीर’ अशी रूपे रूढ होती. म्हणजे नावावरून विहिरीची कथा रचली गेली असणे अधिक संभवनीय वाटते.

मराठीत ‘बीड’ म्हणजे ओतीव लोखंड. पण हे केवळ ध्वनिसाम्य होय. कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर तालुक्यातही बीड नावाचे गाव आहे. त्यामुळे एकाच गावाच्या भूरचनेवर वा आख्यायिकेवर आधारलेली उपपत्ती अपुरी ठरते. तुघलकपूर्व काळातील नागरी अथवा कन्नड लिपीतील कोरीव लेखांत ड, र व ळ हे वर्ण वेगळे ओळखता येतात. म्हणून या प्रश्नाच्या निर्णयास असा पुरावाच निर्णायक होय.