सिंगापूरच्या वनस्पति-उद्यानांतील एक दिवस

दीर्घ प्रवासास निघालेल्या शेतकऱ्याची एक खोड असते. तो कोठेंही गेला तरी त्याची नजर प्रथम जमिनीकडे जाते. राजवाडे, बाजार, उंच इमारती हें सर्व पाहून होतें. परंतु रात्रीं अंथरुणावर पडल्यावर आठवतें तें कोणत्या मुलखांत माती कशी होती व पाणी कसें खेळविलें होतें, हेंच. पूर्वेकडील देशांत चार महिने हिंडण्याचा योग आम्हांस आला, तेव्हां सिंगापूरच्या मुक्कामांत एक अखंड दिवस, कसलीही घाई न करितां, तेथील वनस्पति-उद्यानांत घालविला. त्या दिवशीं जें पाहिलें व समजून घेतलें, त्यांपैकीं आपल्या धंद्यास उपयोगी असा भाग वाचकांपुढें ठेवीत आहों.

सिंगापूर हें बेट विषुववृत्ताच्या उत्तरेस अवघ्या एका अंशाच्या सुमारास आहे. चार महिने पाऊस व आठ महिने उघडीप हा आपल्याकडील प्रकार तेथें नाहीं. वर्षाकांठीं ८० इंचांहून अधिक पाऊस पडतो, पण तो बाराही महिन्यांत विभागलेला असतो. आणि थंडी म्हणून जी म्हणतात ती तेथें नाहींच. रत्नागिरीकडे पाऊस याहून पुष्कळ जास्त, परंतु तेथें माघ-फाल्गुनांत जमीन कोरडी ठणठणीत होते. हा भेद ध्यानांत ठेविल्यावांचून तेथील झाडें पाहून आपल्या लागवडीविषयीं अनुमानें काढणें धोक्याचें आहे.

मंडळीची बाग

उद्यान पहांटे ५ वाजतां उघडतें व प्रवेशास पैसे पडत नाहींत. त्याचा विस्तार सुमारें २०० एकर आहे. १८५९ सालीं तें एका कृषि-उद्यान मंडळीनें स्थापिलें. आपल्याकडे पुण्याची एम्प्रेस बाग अशाच एका मंडळीच्या व्यवस्थेखालीं आहे, हें पुष्कळांस ठाऊक असेल. सिंगापूरच्या मंडळीनें रस्ते आंखिले, तळें खोदविलें, फुलांचीं प्रदर्शनें भरविलीं; परंतु वर्गणी अपुरी पडून कर्ज झालें व १८७४ सालीं बाग सरकारच्या हवालीं करावी लागली. शोभेची बाग शास्त्राची बाग झाली ती त्यानंतर. २०१५ सालीं युनेस्कोनें तिची जागतिक वारशाच्या यादींत नोंद केली.

बागेच्या पोटांत सुमारें १५ एकरांचें मूळ अरण्य तसेंच राखलें आहे. सकाळच्या पहिल्या प्रहरीं आम्ही त्यांतून सावकाश फिरलों. उंच वृक्षांच्या मुळांशीं भिंतीसारखे आधार फुटलेले, वेलींचीं दोरखंडें लोंबणारीं, आणि पायाखालीं कुजत चाललेल्या पाल्याचा जाड थर. इतकी दाट झाडी पाहून माती फार सुपीक असावी असें वाटतें; पण वस्तुस्थिति उलट आहे. सततच्या पावसानें तेथील मातींतील क्षार धुपून जातात. झाडें जगतात तीं त्यांच्याच गळलेल्या पाल्याच्या खतावर. तो पाला झाडून नेला तर अरण्य उपाशीं पडेल.

रबराचें झाड

पुढें रबराचीं झाडें पाहावयास गेलों. झाड दिसण्यांत अगदीं साधें: सरळ बुंधा, करडी साल, एका देठावर तीन पानें. तें एरंडाच्या कुळांतील आहे. त्याचें फळ वाळलें म्हणजे मोठ्यानें फुटून बिया दूर फेंकल्या जातात. बी एरंडीसारखीच ठिपक्यांची, मात्र आकारानें बरीच मोठी. ती फार दिवस टिकत नाहीं. थोड्याच आठवड्यांत तिची उगवणशक्ति जाते. जोंधळ्याप्रमाणें कणगींत ठेवून पुढील हंगामीं पेरावें, असलें हें बियाणें नव्हे.

या झाडाचें माहेर दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीचें खोरें. १८७६ सालीं हेन्री विकहॅम या इंग्रजानें तेथून सुमारें ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू येथील बागेंत नेल्या. त्यांपैकीं तीन हजारांहून कमीच उगवल्या. बहुतेक रोपें सिंहलद्वीपास गेलीं. सिंगापुरास १८७७ सालीं २२ रोपें पोहोंचलीं. त्यांतील कांहीं येथें लाविलीं व कांहीं मलायांतील पेराक संस्थानांत पाठविलीं.

आतां वाचकांनीं एका आंकड्याकडे लक्ष द्यावें. रोपें आलीं १८७७ सालीं, आणि मलायांत रबराचा पहिला व्यापारी मळा लागला १८९६ सालीं. मध्यें एकोणीस वर्षें गेलीं! झाडें वाढत होतीं, बी धरीत होतीं. पण फायदेशीर रीतीनें त्यांचा चीक कसा काढावा, हें ठरलें नव्हतें. उत्तम वाण दारांत उभें असूनही रीत सांपडेपर्यंत तें निरुपयोगीच होतें.

चीक काढण्याची रीत

१८८८ सालीं हेन्री रिड्ले हा वनस्पतिशास्त्रज्ञ उद्यानाचा मुख्य झाला व १९११ पर्यंत त्या जागेवर राहिला. ॲमेझॉनकडील लोक लहान कुऱ्हाडीनें बुंध्यावर घाव घालून चीक काढीत. घाव लाकडापर्यंत जाई, तेथें गांठी येत व पुढें ती जागा कामाची राहात नसे. रिड्लेनें वर्षानुवर्षें प्रयोग करून जें शोधिलें तें असें:

चीक लाकडांत नसतो; सालीच्या आंतील थरांतल्या बारीक नळ्यांत असतो. त्या थराच्याही आंत, लाकडास लागून, एक अति पातळ जिवंत पापुद्रा असतो. नवी साल व नवें लाकूड दोन्ही त्यापासून होतात. या पापुद्र्यास धक्का न लागेल इतक्या बेतानें सालीवर तिरपी खांच पाडावयाची आणि पुढील खेपेस दुसरीकडे घाव न घालतां त्याच खांचेची कड कागदाएवढी पातळ तासावयाची. चीक पुन्हां वाहूं लागतो. इतकेंच नव्हे, तर पुढच्या कांहीं खेपांस पहिलीपेक्षां अधिक येतो. तासलेल्या जागीं कांहीं वर्षांनीं नवी साल भरते व तीही तासतां येते. यामुळें सहा-सात वर्षांचें झालेलें झाड पुढें पंचवीस-तीस वर्षें उत्पन्न देत राहातें.

हें काम पहांटे करावयाचें असतें. रात्रीं झाडाच्या अंगांत पाणी भरलेलें असून नळ्यांतील दाब अधिक असतो; ऊन चढून पानांवाटे पाणी उडूं लागलें कीं दाब उतरतो व धार मंदावते. गाईची धार वेळेवर काढणाऱ्यास हें निराळें समजावून सांगावयास नको.

रीत सिद्ध झाली तरी मळेवाले ऐकेनात. ते त्या वेळीं कॉफीच्या मागें होते. सिंहलद्वीपांत १८६९ सालीं कॉफीवर तांबेरा पडून पुढील वीस वर्षांत तेथील बहुतेक मळे बुडाले, हें उदाहरण शेजारींच होतें. तरी चालू पीक सोडवत नव्हतें. रिड्ले भेटेल त्यास रबराचें महत्त्व सांगे व मळेवाल्यांच्या खिशांत बिया कोंबी, म्हणून लोक त्यास 'वेडा रिड्ले' म्हणत. अखेर मलाक्का येथील तान चाय यान या चिनी गृहस्थानें १८९६ सालीं सुमारें ४० एकरांवर रबर लाविलें. त्याच सुमारास ब्राझीलच्या अमाप मालामुळें कॉफीचे भाव पडले. पुढें मोटारगाड्या आल्या व रबरास मागणी वाढली. १९२० च्या सुमारास जगांतील जवळजवळ निम्में रबर एकट्या मलायांतून येऊं लागलें. या भरभराटीमागें दक्षिण हिंदुस्थानांतून तुटपुंज्या मजुरीवर नेलेल्या तमिळ मजुरांचे कष्ट होते, हेंही विसरतां कामा नये.

व्हॅनिलाचा वेल

दुपारीं पावसाची मोठी सर आली. ती ओसरल्यावर ऑर्किडांच्या विभागांत गेलों. एवढ्या भागास मात्र तिकीट आहे. सिंगापूरचें राष्ट्रीय फूल हें १८९३ सालीं ॲग्नेस जोआकिम या बाईंच्या बागेंतून पुढें आलेलें संकरित ऑर्किड होय. फुलांचे रंग वर्णावे तितके थोडे. पण आमची पावलें थांबलीं तीं आधारावर चढलेल्या एका हिरव्या वेलापाशीं. तो व्हॅनिलाचा. हाही ऑर्किडाच्याच कुळांतला.

त्याची कथा रबराहून वेगळी नाहीं. व्हॅनिला मूळची मेक्सिकोकडील. हिंदी महासागरांतील रियुनियन बेटांत ती १८२० नंतर लाविली गेली; वेल फोंफावले, पण शेंगा लागेनात, कारण फुलांत पराग पोहोंचविणारे तिकडील कीटक येथें नव्हते. १८४१ सालीं एडमंड आल्बियस नांवाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें बारीक काडीनें फुलांतील पडदा वर करून अंगठ्यानें पराग दाबण्याची युक्ति शोधून काढिली. आजही व्हॅनिलाची शेती मुख्यतः त्याच युक्तीवर चालते.

मात्र रीत हातीं आली म्हणजे सर्व झालें, असेंही नव्हे. २००३ च्या सुमारास व्हॅनिलाचे भाव अतोनात चढले, तेव्हां केरळ व कर्नाटकांतील पुष्कळ शेतकऱ्यांनीं ती लाविली. थोड्याच काळांत भाव कोसळले आणि शेंगांस गिऱ्हाईक मिळेना. झाड जगलें, रीत साधली, तरी बाजार तिसराच असतो.

खिशांतील बी

सायंकाळीं परततांना पुन्हां रबराच्या झाडाखालून आलों. पाल्यांत एक टपोरी, ठिपकेदार बी पडलेली दिसली. ती उचलून खिशांत घालण्याचा मोह झाला, हें कबूल करितों. गोव्यांत व सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग भागांत आज रबराचे मळे आहेत. तेव्हां गांवीं नेऊन कोणास तरी दाखवावी, असें मनांत आलें. परंतु बी तेथेंच ठेविली.

कारण असें. ॲमेझॉनच्या खोऱ्यांत रबराच्या पानांवर एक बुरशीजन्य करपा पडतो. अमेरिकेंतील फोर्ड यांनीं १९२८ पासून ब्राझीलमध्यें रबराचे विस्तीर्ण मळे लाविले. तेथें या रोगानें झाडें उघडीं बोडकीं केलीं व १९४५ सालीं तो उद्योग सोडून द्यावा लागला. आशियांत हा रोग अद्याप शिरलेला नाहीं. आपल्याकडील बहुतेक झाडें मूळच्या थोड्याच रोपांची संतति असल्यानें, तो शिरल्यास एक झाड वांचेल व दुसरें मरेल अशी आशा थोडी. सिंगापुरांत तो रोग नाहीं हें खरें. पण परदेशची बी, रोप किंवा माती खिशांतून आणण्याची सवयच वाईट. आज निरोगी बी येईल, उद्यां रोगट येईल. डोळ्यांस दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणूनच परवाना व तपासणी यांवांचून असा माल आणण्यास कायद्यानें मनाई आहे.

या दिवसाचें सार थोडक्यांत असें. नवें वाण आणणें हें अर्धेंच काम. तें आपल्या माती-पावसांत टिकतें काय, त्याची रीत आपल्या हातांस साधते काय, त्यावर रोग कोणता येतो आणि माल घेणारा कोण, या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत त्यास एका कोपऱ्यांत सांभाळावें लागतें. रबरासाठीं हा कोपरा त्या उद्यानानें एकोणीस वर्षें राखिला. मळेवाल्यांनीं त्याच काळांत सर्व जमीन त्यावर लाविली असती तर ते भिकेस लागले असते, आणि उद्यानानें झाडें उपटून टाकिलीं असतीं तर संधि आली तेव्हां हातीं कांहींच नसतें.

प्रत्येक शेतकऱ्यास दोनशें एकरांची बाग करितां येणार नाहीं. परंतु विहिरीजवळच्या चार गुंठ्यांत नवीन पिकाचे दहा वेल किंवा पांच झाडें लावून, त्यांची तारीखवार नोंद ठेवून, तीन-चार हंगाम वाट पाहणें हें बहुतेकांस शक्य आहे. कर्ज काढून सर्व शेत एकदम नव्या पिकाखालीं घालण्यापूर्वीं एवढें तरी करावें.