पदवी परवडते का? हिशेब सीटचा मांडा

बारावीचा निकाल लागला की गारखेड्यात, पुंडलिकनगरच्या गल्ल्यांपासून विभागीय क्रीडा संकुलाबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांपर्यंत, एकच विषय असतो: पोराला कुठं टाकायचं आणि पैसा वसूल होईल का? एक बाजू म्हणते, पदवीशिवाय पोराला कोण विचारणार. दुसरी म्हणते, पदवीला आता अर्थच राहिला नाही. दोन्ही बाजू सरसकट बोलतात आणि त्यातच घरं कर्जात जातात. प्रश्न पदवीचा नाही, समोर आलेल्या एका सीटचा आहे. कोणतं कॉलेज, कोणती ब्रँच, कोणत्या मार्गाने प्रवेश आणि त्यासाठी घरातून किती रक्कम जाणार, एवढं ठरल्याशिवाय उत्तर निघत नाही.

गैरसमज: शिकलेलेच जास्त बेकार, म्हणजे शिक्षण वाया.

वस्तुस्थिती: आकडा खरा आहे, अर्थ चुकीचा काढला जातो. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या श्रमबल पाहणीत 15 वर्षांवरील लोकांमधली बेरोजगारी 3.2 टक्के होती. दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांत ती 6.5 टक्के. पण ज्याच्या घरी संध्याकाळची चूल रोजंदारीवर पेटते, त्याला बेकार राहणंच परवडत नाही. तो मिळेल ते काम धरतो. शिकलेला मुलगा मनाजोग्या कामाची वाट पाहतो आणि पाहणीत बेकार म्हणून मोजला जातो.

मात्र या वाट पाहण्याचीही किंमत आहे, आणि ती कुणी हिशेबात धरत नाही. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. तिथे कोणत्याही शाखेची पदवी चालते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचीसुद्धा. पदवी फक्त अशा परीक्षेला बसण्यापुरती हवी असेल, तर तिच्यासाठी लाखो रुपये मोजायचं कारण नाही. पदवीने सुरुवातीला किती जास्त हातात पडतं, तेही पाहा. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सरकारने महिन्याचं विद्यावेतन ठरवलं ते असं: बारावीला 6,000 रुपये, आयटीआय व पदविकेला 8,000, पदवीला 10,000. आयटीआय आणि पदवी यांत फरक 2,000 रुपयांचा. अनुदानित कॉलेजात किरकोळ फीमध्ये बी.कॉम. झालेल्याला तो चालेल. कर्ज काढून पदवी घेतलेल्याचा हप्ता त्यातून निघणार नाही.

गैरसमज: कॉलेज तेच, तर खर्चही तोच.

वस्तुस्थिती: एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोघांचा खर्च दुपटीने वेगळा असू शकतो. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, सीट मिळाली आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून खुल्या प्रवर्गातल्या मुलाची निम्मी शिक्षण फी शासन भरतं. जुलै 2024 च्या निर्णयानंतर आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घटकांतल्या मुलींना, हीच उत्पन्नमर्यादा धरून, व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तीच सीट संस्थास्तरावरून घेतली की या सवलती गेल्या. त्यात खोली आणि मेस धरा. गारखेड्यातली मुलगी उस्मानपुऱ्यातल्या, 1960 पासून चालू असलेल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात घरचा डबा घेऊन जाऊ शकते. पुण्याच्या हव्यासापोटी ही बचत सोडणं मला पटत नाही, निदान पुण्यातलं कॉलेज खरोखर वरचं नसेल तेव्हा.

गैरसमज: शिक्षण संपेपर्यंत हप्ता नाही, म्हणजे तोपर्यंत कर्ज फुकट.

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त घरं इथेच फसतात, म्हणून आकडे मांडतो. समजा, चार वर्षांसाठी पाच लाखांचं कर्ज आहे, दर वर्षाच्या सुरुवातीला सव्वा लाख मिळतात आणि व्याज 10 टक्के आहे. हप्ता अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने सुरू होतो, पण व्याज पहिल्या सव्वा लाखापासूनच लागतं. ते सरळव्याज असलं तरी पाच वर्षांत 1 लाख 75 हजार रुपये होतात. म्हणजे हप्ते सुरू होताना कर्ज पाच नव्हे, पावणेसात लाखांचं असतं. सात वर्षांच्या मुदतीत महिन्याला साधारण 11,200 रुपये भरावे लागतात. हेच व्याज शिकताना आणि पुढे हप्ता सुरू होईपर्यंत भरत गेलं, पहिल्या वर्षी महिना हजार-अकराशे आणि वाढत चौथ्या वर्षी चार हजारांच्या थोडं वर, तर नंतरचा हप्ता सुमारे 8,300 वर येतो. नव्या नोकरीच्या पहिल्या पगारात हा फरक फार मोठा असतो. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत आपला अभ्यासक्रम आणि कॉलेज बसतं का, हे कर्जाच्या अर्जासोबतच बँकेत विचारून घ्या.

गैरसमज: डिप्लोमा म्हणजे मागे पडलेल्यांची वाट.

वस्तुस्थिती: दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक, मग अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, पुढे तीन वर्षं. एकूण सहा. अकरावी-बारावी आणि चार वर्षांची पदवी, हेही सहाच. फरक असा की डिप्लोमावाल्याच्या हातात तिसऱ्या वर्षाअखेर एक प्रमाणपत्र असतं. पाऊस दगा देतो, वडील आजारी पडतात, तेव्हा तो मुलगा वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात लागू शकतो. अर्ध्यावर सोडलेल्या पदवीला तिथे फारसं कुणी विचारत नाही. मराठवाड्यातल्या घरांना ही सोय किती मोलाची आहे, हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

गैरसमज: फलकावरचं पॅकेज म्हणजे आपल्या मुलाचा पगार.

वस्तुस्थिती: ते एका विद्यार्थ्याचं असतं. विचारायचं ते वेगळंच: याच ब्रँचमधून मागच्या वर्षी किती मुलं बाहेर पडली, किती जणांच्या हातात नेमणूकपत्र आलं आणि मधल्या मुलाला महिन्याला हातात किती पडतात. कॉलेजने उत्तर टाळलं तर त्याच ब्रँचच्या दोन-तीन माजी विद्यार्थ्यांना गाठा.

आणि ज्यांनी घाईत फी भरून टाकली आहे त्यांच्यासाठी. पैसे आता अडकले, असं समजून गप्प बसू नका. ठरलेल्या अंतिम तारखेच्या आत प्रवेश रद्द केला, तर नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 1,000 रुपये कापून बाकी फी परत मिळते आणि मूळ कागदपत्रं संस्थेला अडवून ठेवता येत नाहीत. ती तारीख आजच बघून ठेवा आणि तिच्या आत घरात सगळ्यांनी बसून हा हिशेब एकदा कागदावर मांडा.