पाचाला 'लिमा' म्हणणारे लोक

एकादशी आली की आपल्या राधानगरीत घरोघर शाबू भिजतो. वरी असो, रताळे असो, शाबूवाचून उपवासाला रंग नाही. पण हे शाबू नाव आपल्या मुलखातले नव्हे. पूर्वेच्या समुद्रात मलाया आणि इंडोनेशियाची बेटे आहेत. तिथे माडासारखे एक झाड होते. त्याच्या खोडाचा गाभा कुटून, धुऊन पीठ काढतात. मलय भाषेत त्याला 'सागू' म्हणतात. त्या सागूचा आपण साबू आणि शाबू केला. आज आपण खातो तो शाबू मात्र त्या झाडाचा नाही. तो तामिळनाडूत सेलमकडे शाबूकंदापासून करतात. माल बदलला, नाव राहिले.

आता गंमत बघा. मलय भाषेत उपवासाला 'पुआसा' म्हणतात. हा शब्द आपल्या 'उपवास'चाच! दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या देशातले व्यापारी आणि पंडित जहाजांतून तिकडे जात. त्यांच्याबरोबर संस्कृत शब्द गेले. राजा, गुरू हे शब्द तिकडेही आहेत. भाषेला ते 'बहासा' म्हणतात. आज तिकडे मुसलमान पुष्कळ आहेत. तेही रमजानच्या रोजाला 'पुआसा'च म्हणतात.

मग मराठी आणि मलय बहिणी झाल्या का? नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली, म्हणून ती काही आपली भावकी होत नाही. नाते बघायचे तर रोजच्या जुन्या शब्दांत बघावे. आकडे, हात, डोळा असले शब्द माणसे सहसा उसने घेत नाहीत. आपण दोन, तीन, चार, पाच मोजतो. हिंदी बोलणारा दो, तीन, चार, पाँच म्हणतो. ओळख लगेच पटते. निपाणीकडचा कानडी गडी मात्र एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु म्हणतो. कानडी ही आपली जवळची शेजारीण. अण्णा, अक्का ही हाकसुद्धा आपण तिच्याकडून घेतली. पण तिचे कूळ वेगळे.

मलय माणूस मोजतो: दुआ, तिगा, अंपात, लिमा. फिलिपाइन्समधला तागालोग बोलणारा म्हणतो: दलावा, तातलो, आपात, लिमा. न्यूझीलंडचा माओरी म्हणतो: रुआ, तोरू, फा, रिमा. आणि पार आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावर म्हणतात: रुआ, तेलू, एफात्रा, दिमी. मोठ्याने म्हणून बघा, म्हणजे सारखेपणा कानाला कळेल. हवाई बेटांवर तर 'लिमा' म्हणजे पाच आणि 'लिमा' म्हणजे हातही. हाताला बोटे पाच, तेव्हा नवल नाही. (मलय 'दुआ' आपल्या 'दोन'जवळचा वाटतो, पण तो योगायोग आहे. एका शब्दावर सोयरीक जुळवू नये.)

या कुळाला मलय-पॉलिनेशियन म्हणतात. त्यात बाराशेंहून अधिक भाषा आहेत. मादागास्करपासून दक्षिण अमेरिकेच्या बाजूच्या ईस्टर बेटापर्यंत त्या पसरल्या आहेत. म्हणजे पृथ्वीचा अर्धा फेराच झाला. मादागास्करच्या भाषेची अगदी जवळची बहीण बोर्निओ बेटावर आहे, हजारो मैल दूर.

ही माणसे पसरली ती होड्यांतून. होडी कलंडू नये म्हणून बाजूला लांब लाकूड बांधायचे, ही त्यांची युक्ती. फोंडाघाट उतरून कोकणात जाल तर तिथल्या लहान होडीलाही असे लाकूड दिसते. त्याला उलांडी म्हणतात. ती माणसे तारे, लाटा आणि पक्षी पाहून वाट काढीत. लिहिणे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या प्रवासाचा पुरावा बराचसा त्यांच्या बोलण्यातच राहिला.

तुपाया नावाचा एक जाणता दर्यावर्दी होता. १७६९ साली इंग्रज कप्तान कुक याच्या जहाजावर तो ताहिती बेटातून चढला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जहाज न्यूझीलंडला लागले. मध्ये काही हजार मैलांचे पाणी. माओरी लोकांचे बोलणे गोऱ्यांना कळेना. तुपाया पुढे झाला आणि आपल्या बोलीत बोलला. माओरींना ते समजले! दोन्हीकडच्या लोकांचे पूर्वज कित्येक शतकांपूर्वी वेगळे झाले होते.

पुढच्या वर्षी जहाज बटाव्हिया शहरी, म्हणजे आजच्या जकार्ताला आले. तिथे आजारपणात तुपाया वारला. त्याच्या बोलीत डोळ्याला 'माता' म्हणत. आपल्याला वाटेल, आईलाच हाक मारतात. जकार्ताच्या रस्त्यावर मलय बोलणारेही डोळ्याला 'माता'च म्हणत होते.