स्त्रियांचे खेळ आणि वृत्तपत्रांचा न्याय

गेल्या वर्षीं शाळेंत सामान्य ज्ञानाची चढाओढ झाली. तींत आम्हीं असा प्रश्न घातला होता कीं, आंतरराष्ट्रीय एकदिवसीय क्रिकेट सामन्यांत पहिलें द्विशतक कोणीं केलें? बहुतेक सर्वांनीं सचिन तेंडुलकर यांचें नांव लिहिलें. नववीच्या वर्गांतील एका मुलीनें मात्र बेलिंडा क्लार्क असें लिहिलें. आम्हीं तें उत्तर चूक ठरवून तिचा गुण कापला. पुढें शोध घेतां चूक तिची नसून आमचीच होती असें आढळून आलें. ह्या चुकीचें मूळ कोठें आहे, हें आमच्या बालवाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हकीकत अशी आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजीं मुंबईंत, विश्वचषकाच्या सामन्यांत, ऑस्ट्रेलियाच्या कर्णधार क्लार्क यांनीं डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा काढल्या. तेंडुलकर यांच्या नाबाद २०० धावा ग्वाल्हेर येथें दक्षिण आफ्रिकेविरुद्ध झाल्या त्या २४ फेब्रुवारी २०१० रोजीं. म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळानंतर. तरीही कितीएक वृत्तांतून त्यांचेंच द्विशतक पहिलें म्हणून गाजलें, आणि आम्हींही तेंच सत्य मानून चाललों.

यावर कोणी म्हणेल कीं, डेन्मार्कचा संघ दुबळा होता. तें खरें आहे. त्याचा डाव अवघ्या ४९ धावांत आटोपला. परंतु खेळीचें मोल ही एक गोष्ट आणि तिचा क्रम ही दुसरी. मोलाविषयीं वाद घालतां येतो; दिनदर्शिकेशीं वाद घालतां येत नाहीं.

मग ही भूल पडते कशी? आमच्या मतें ती भाषेच्या संवयीनें पडते. पुरुष खेळले म्हणजे तें नुसतें ‘क्रिकेट’, आणि स्त्रिया खेळल्या म्हणजे तें ‘महिला क्रिकेट’. विशेषण एकीकडेच लागतें. त्यामुळें ‘पहिला’ हा शब्द आपोआप पुरुषाकडे जातो. वस्तुतः स्त्रियांचा पहिला विश्वचषक १९७३ सालीं झाला, आणि पुरुषांचा त्यानंतर दोन वर्षांनीं, १९७५ सालीं. वीस षटकांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामनाही स्त्रियाच ऑगस्ट २००४ मध्यें खेळल्या. पुरुष फेब्रुवारी २००५ मध्यें. टेनिसपटू अँडी मरे यांची गोष्ट येथें स्मरणीय आहे. २०१७ सालीं विंबल्डन येथें एका वार्ताहरानें अमेरिकन खेळाडूंविषयीं बोलतांना स्त्रियांचे विजय वगळले, तेव्हां ‘पुरुष खेळाडू’ अशी दुरुस्ती मरे यांनीं तत्काळ केली.

दुसरा दोष तुलनेचा. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कून यांनीं धांवण्याच्या शर्यतींत चार सुवर्णपदकें जिंकलीं; पत्रांनीं त्यांना ‘उडती गृहिणी’ म्हटलें. पुरुष विजेत्याचें घर व मुलेंबाळें अशीं कोण मोजतो? २०१७ सालीं मिताली राज यांना, तुमचा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोणता, असें विचारण्यांत आलें. हाच प्रश्न तुम्ही पुरुषांस विचारतां काय, असें त्यांनीं उलट विचारलें.

शरीरबलांत सर्वसाधारणपणें भेद आहे, हें नाकारण्याचें कारण नाहीं. शंभर मीटरचा पुरुषांचा विक्रम ९.५८ सेकंदांचा (२००९), तर स्त्रियांचा १०.४९ सेकंदांचा (१९८८) आहे. परंतु आपल्या कुस्तीच्या आखाड्यांत वजनाप्रमाणें जोडी लावितात, आणि हलक्या गटांतील विजेत्यास कोणी अर्धा मल्ल म्हणत नाहीं. ज्याचा त्याचा कस त्याच्या जोडीच्या प्रतिस्पर्ध्यासमोर पहावा, हाच न्याय होय.

पुनरुत्थानाची पहिली वार्ता स्त्रियांनींच आणिली, आणि शिष्यांनीं ती आरंभीं खरी मानिली नाहीं, हें शुभवर्तमानाचा प्रत्येक वाचक जाणतो. वार्ता कोणीं आणिली यावरून तिचें सत्य ठरत नाहीं.

२ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत भारतीय स्त्रियांनीं दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनीं हरवून विश्वचषक जिंकला. त्या विजयाचा गौरव झाला तो योग्यच झाला. परंतु खरी परीक्षा सणाच्या दिवशीं नसून रोजच्या लिहिण्यांत आहे.

त्या मुलीचा गुण आम्हीं प्रार्थनेच्या वेळीं सर्वांसमक्ष परत दिला. शाळेच्या सूचनाफलकावर पूर्वीं ‘क्रिकेट संघ’ आणि ‘मुलींचा क्रिकेट संघ’ अशीं दोन शीर्षकें असत. आतां तेथें ‘मुलांचा संघ’ आणि ‘मुलींचा संघ’ असें लिहिलेलें आहे. बदल एका शब्दाचाच आहे. पण तो करावयास आम्हांस एका विद्यार्थिनीनें शिकविलें, हें येथें नमूद करणें आमचें कर्तव्य आहे.