स्नायू झोपलाय की मेलाय?

मे महिन्यात मारेगावच्या शिवारात एक तरी बेडूक शोधून दाखवा बरं! पऱ्हाटी उपटलेली, काळी माती भेगाळलेली आणि बेडूक गायब. मेले का? छे! मातीत खोल शिरून गप्प पडलेत. हालचाल बंद, खर्च कमीत कमी. मृगाचा पाऊस येऊ द्या, मग ऐका त्यांचा गोंगाट!

आपलं हृदयही असा बेडूकपणा करतं. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी नळी अरुंद झाली, की तिच्या हद्दीतला स्नायू उपाशी पडतो. काही भाग मरतो. तिथे वण उरतो. वण कधीच आकुंचन पावत नाही. काही भाग मात्र हुशार! तो काम थांबवतो आणि मिळेल तेवढ्या रक्तावर नुसता जिवंत राहतो. ही हृदयाची ‘शीतनिद्रा’ १९८०च्या दशकात जगभरच्या डॉक्टरांना समजावून दिली, ती मुंबईत जन्मलेल्या डॉ. शाहबुद्दीन रहीमतुला यांनी.

पंचाईत अशी, की इकोत, म्हणजे हृदयाच्या साध्या सोनोग्राफीत, झोपलेला स्नायू आणि वण दोघंही सारखेच ढिम्म दिसतात. आणि मेलेल्या भागाची नळी उघडून काय मिळणार? म्हणून स्टेंट किंवा बायपासआधी तपास होतो. डोब्युटामिन हे औषध थोडंसं शिरेतून देतात आणि इकोवर बघतात. झोपलेला स्नायू जरा हलायला लागतो, वण हलत नाही.

मला मात्र साखरेची युक्ती भारी वाटते. धडधाकट हृदय बरंचसं चरबीवर चालतं. उपाशी स्नायू साखरेवर तग धरतो. म्हणून साखरेच्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडून ती टोचतात. जिवंत पेशी ती ओढून घेतात, पण पुढे जाळू शकत नाहीत. साखर आतच अडकते! फ्लोरिनमधून सुटलेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना धावतात. पेट स्कॅनचं गोल यंत्र ते टिपतं. रक्त कमी पण साखर चमकतेय? झोपलाय. दोन्हीही नाही? वण.

हे फ्लोरिन भलतंच घाईचं. दर ११० मिनिटांनी निम्मं होतं! ते सायक्लोट्रॉनमध्ये बनतं. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला. समजा, नागपूरहून निघालेली कुपी तीन तासांनी वणीमार्गे मारेगावात पोचली. किती उरलं? करा गणित! जेमतेम तिसरा हिस्सा. औषध जास्त भरून पाठवता येईल, पण स्कॅनचं अवजड धूड कोण आणणार? रुग्णालाच शहर गाठावं लागतं.

आणि झोपलेला स्नायू सापडला, की नळी उघडायचीच ना? तसंच वाटायचं. पण २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ७०० रुग्णांचा अभ्यास आला. सगळ्यांचं हृदय अशक्त, पण स्नायू जिवंत. निम्म्यांना औषधं आणि स्टेंट, निम्म्यांना नुसती औषधं. मृत्यू किंवा हृदय थकल्यामुळे दवाखान्यात भरती होणं, यांत फरकच दिसला नाही! बायपासचा हिशेब वेगळा आहे. कुणाचा स्नायू कशानं जागा होतो, यावर हृदयतज्ज्ञांचा वाद अजून जोरात चालू आहे.