पातेल्यातला सुगंध

नाताळच्या दिवसांत युरोप-अमेरिकेतील अनेक घरांत शेगडीवर एक पातेले मंद आचेवर ठेवलेले असते. पाण्यात संत्र्याची साले, दालचिनीचे तुकडे, थोड्या लवंगा; क्वचित एखादे सफरचंद कापून टाकलेले. हे पाणी प्यायचे नसते. बाहेर कडाक्याची थंडी आणि दारे-खिडक्या बंद असताना घर दरवळावे, एवढाच त्यामागचा हेतू. बाटलीतील कृत्रिम सुगंधापेक्षा हा ‘नैसर्गिक’ उपाय बरा, अशीही अनेकांची भावना असते.

वरवर पाहता यात समजावून सांगण्यासारखे काही नाही. पाणी उकळले, वास सुटला. पण थोडा विचार केला की एक कोडे समोर येते. संत्र्याच्या सालीतील तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे १७६ अंश सेल्सिअस आहे. दालचिनीला तिचा वास देणारे सिनॅमाल्डिहाइड सुमारे २५० अंशांना उकळते, तर लवंगेतील युजेनॉल सुमारे २५४ अंशांना. उघड्या पातेल्यातील पाण्याचे तापमान मात्र १०० अंशांच्या फारसे वर जाऊच शकत नाही. मग हे पदार्थ इतक्या भरभर बाहेर पडतात कसे?

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. द्रवाची वाफ होण्यासाठी तो उकळावाच लागतो असे नाही. दोरीवरचे ओले कपडे वाळतात तेव्हा पाणी उकळत नसते. प्रत्येक द्रवाच्या पृष्ठभागावरून काही रेणू सतत निसटत असतात आणि त्यांचा काही दाब असतो. याला आपण बाष्पदाब म्हणतो. तापमान वाढले की तो वाढतो. बाष्पदाब जेव्हा वातावरणाच्या दाबाइतका, म्हणजे समुद्रसपाटीला पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका होतो, तेव्हा द्रव उकळू लागतो.

दुसरा भाग अधिक मजेदार आहे. पाणी आणि ही तेले एकमेकांत फारशी मिसळत नाहीत. न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले, तर प्रत्येक जण जणू दुसरा तेथे नाहीच अशा रीतीने आपापला बाष्पदाब देतो, आणि एकूण दाब म्हणजे या दोन्हींची बेरीज. वायूंच्या मिश्रणातील दाबांच्या बेरजेचा हा नियम जॉन डाल्टनने १८०१ साली मांडला. एकट्याला न पेलणारे ओझे दोघांनी मिळून उचलावे, तसे येथे घडते. वातावरणाच्या दाबाचे ओझे उचलताना बहुतेक भार पाणी घेते आणि उरलेला तेल.

आकडे घेऊन पाहू. सुमारे ९७.५ अंशांना पाण्याचा बाष्पदाब ६९० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि लिमोनीनचा सुमारे ७०. बेरीज ७६०. म्हणजे हे मिश्रण पाण्याच्याही उत्कलनबिंदूच्या थोडे खालीच उकळू लागते! वाफेत कोणाचे किती वजन जाते, हेही विद्यार्थ्यांना काढता येईल. बाष्पदाबाला रेणुभाराने गुणायचे. लिमोनीनचा रेणुभार १३६ आणि पाण्याचा १८. ७० गुणिले १३६ भागिले ६९० गुणिले १८, असे केले की उत्तर सुमारे ०.७७ येते. दर १०० ग्रॅम पाण्याबरोबर ७७ ग्रॅम लिमोनीन निघू शकते. युजेनॉलचा बाष्पदाब १०० अंशांच्या जवळपास सुमारे ४ मिलिमीटरच असतो, पण रेणुभार १६४ आहे. तोच हिशेब केला की १०० ग्रॅम पाण्यामागे जेमतेम ५ ग्रॅम युजेनॉल येते.

हे आकडे तेल मोकळे तरंगत असेल तेव्हाचे, म्हणजे कमाल मर्यादा आहेत. पातेल्यात तेल सालीच्या आणि लवंगेच्या सूक्ष्म पिशव्यांत कोंडलेले असते. उष्णतेने पेशी मऊ पडल्या की ते हळूहळू बाहेर येते. तरीही या दोन आकड्यांतील तफावत नाकाला जाणवते. संत्र्याचा वास आधी दरवळतो आणि लवकर ओसरतो. लवंग उशिरा येते आणि रेंगाळते. लवंग ठेचून घातली तर पिशव्या फुटतात आणि वास लवकर येतो, पण संपतोही लवकर.

या क्रियेला रसायनशास्त्रात बाष्प-ऊर्ध्वपातन म्हणतात. उत्तर प्रदेशातील कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या ‘देग’मध्ये फुले व पाणी तापवतात आणि निघालेली वाफ बांबूच्या नळीतून ‘भपक्या’त नेऊन थंड करतात, तेही हेच. फरक एवढाच की ते वाफ पकडतात आणि पातेलेवाले ती घरभर सोडून देतात. आपल्याकडे कोकणात हळदीच्या पानावर मोदक किंवा पातोळ्या उकडल्या जातात. पानातले सुगंधी तेल वाफेबरोबर पिठाच्या पारीत शिरते, तेव्हा मोदकपात्राचे काम याच नियमाने चाललेले असते.

आता खर्चाची बाजू पाहू. १ लिटर पाणी तापवून त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २,६०० किलोज्यूल उष्णता लागते. १ किलो स्वयंपाकाच्या गॅसपासून सुमारे ४६,००० किलोज्यूल मिळतात. शेगडीतील ६० टक्के उष्णता पातेल्याला पोचते असे धरले, तर १ लिटर पाणी उडवायला सुमारे ९५ ग्रॅम गॅस खर्च होतो. शिवाय ती वाफ जाते कोठे? २५ अंशांना १ घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प सामावू शकते. १२ बाय १० फुटांच्या व ९ फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३० घनमीटर हवा असते. तीत ७०० ग्रॅम बाष्पही मावत नाही, आणि काही बाष्प तर तेथे आधीच असते. हिवाळ्यात तापवलेल्या परदेशी घरांतील हवा फार कोरडी असते, त्यामुळे तेथे हा ओलावा हवाहवासा वाटतो. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत तोच भिंतींना ओल आणील आणि बुरशीला आमंत्रण देईल. परदेशातली एखादी रीत उचलताना तिच्यामागची हवाही पाहावी लागते, ती अशी.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. हवा सुगंधी झाली म्हणजे शुद्ध झाली का? दुर्गंधीयुक्त हवेनेच रोग होतात, असे युरोपात शतकानुशतके मानले जाई. प्लेगच्या साथीत लोक सुगंधी वनस्पती नाकाशी धरून फिरत. प्लेग काही थांबला नाही. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो याने पटकी दूषित पाण्यातून पसरते हे दाखवले आणि त्या समजुतीला मोठा धक्का बसला. ही समजूत आपल्या मनातून मात्र अजून पुरती गेलेली नाही.

सुगंध दुर्गंधीला झाकतो. तिचे कारण दूर करत नाही. पातेल्यातून निघणारे रेणू हवेतील धूळ वा जंतू उचलून नेत नाहीत. उलट हवेत एका पदार्थाची भर पडते. लिमोनीनची हवेतील ओझोनशी अभिक्रिया होऊन थोडे फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड येतो, तो वेगळाच. अधूनमधून अर्धा तास पातेले ठेवल्याने घाबरण्यासारखे काही नाही, पण घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हे मूल असेल तर खिडकी उघडी हवी. लिमोनीन संत्र्यातून आले की बाटलीतून, त्याचा रेणू तोच. ‘नैसर्गिक’ या शब्दाने त्याचे गुणधर्म बदलत नाहीत.

नाकाची एक सवयही लक्षात ठेवायला हवी. एकच वास काही मिनिटे येत राहिला की तो जाणवेनासा होतो. मग ‘वास गेला’ असे समजून माणूस आणखी मसाला टाकतो, आच वाढवतो. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा ठळक वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे इथाइल मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. दाट सुगंधाने भरलेल्या स्वयंपाकघरात हा इशारा नाकापर्यंत उशिरा पोचू शकतो. म्हणून असे पातेले ठेवून झोपणे किंवा बाहेर जाणे धोक्याचे. पाणी आटले की तापमानाला १०० अंशांचा लगाम राहत नाही. साली करपतात आणि सुगंधाऐवजी धूर निघतो. तापल्या भांड्यात बाटलीतील तेल तर कधीच ओतू नये. लिमोनीनची वाफ सुमारे ४८ अंशांपासूनच ज्योतीने पेट घेऊ शकते.

हे शेवटचे वर्गात दाखवता येते. संत्र्याची ताजी साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून, डोळे व चेहरा दूर ठेवून, दुमडून दाबावी. बारीक ठिणग्यांची फवारणी दिसते. ते लिमोनीनचे जळणारे थेंब. दुसऱ्या प्रयोगात पंखे बंद करून टेबलावर गरम पाण्याच्या वाडग्यात ठेचलेल्या लवंगा टाकाव्यात. ज्याला वास येईल त्याने हात वर करावा आणि दुसऱ्याने वेळ टिपावी. सर्वांना वास आल्यावर दोन मुलांना पाच मिनिटे बाहेर पाठवून परत बोलवावे. आत बसलेल्यांना वास ‘गेलेला’ असेल आणि बाहेरून आलेल्यांना तो दारातच येईल. हवा तीच, रेणूही तेच. बदललेले असते ते फक्त नाक. आपल्या खोलीतील हवा कशी आहे हे ठरवताना नाकाच्या साक्षीवर किती विसंबावे, याची चर्चा त्यानंतर मुले आपणहून करतील.